वाळलेल्या भोपळ्यावरची कला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कडू भोपळा वाळवून त्याचे दिवे, डबे, फुलदाण्या, मुखवटे करण्याविषयी लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण बहुतेक भोपळे वाळवताना आणि पहिल्या कापाच्या वेळीच वाया जातात.

कुठला भोपळा लागतो? बाजारातला दुधी चालेल का?

बाजारातला दुधी चालत नाही. तो कोवळा असतानाच तोडलेला असतो, साल अजून धरलेली, म्हणजे कठीण झालेली, नसते. उन्हात ठेवला की आठवड्याभरात सुरकुततो, मग सडतो. लाल भोपळा, म्हणजे आपलं डांगर, तेही नको. त्याचा गर जाड आणि साल मऊ, त्यामुळे पोकळ कवच उरतच नाही.

आपल्याला हवा तो कडू भोपळा. वनस्पतिशास्त्रात तो आणि दुधी एकच, लॅजेनेरिया सिसेरारिया. फरक वाणाचा. कडू वाणांची साल पिकल्यावर लाकडासारखी कठीण होते. काही ठिकाणी त्याला तुंबा म्हणतात, बस्तरमध्ये तुमा. आकार हवे तितके: गोल घागरीसारखा, मधे कंबर असलेला, लांब मानेचा, बाटलीसारखा, पळीसारखा. गोसाव्याचा कमंडलू, एकतारीचा भोपळा, गारुड्याची पुंगी, पालघर-जव्हारकडचा तारपा या सगळ्यांत हाच आहे. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधायची सांगडही याचीच असे.

घरच्या वेलावर दुधी मुद्दाम पिकू दिला तर तोही वाळतो. पण त्याची साल बहुधा पातळ निघते. त्यावर रंगकाम करा, कोरीवकाम नको.

बी कुठून मिळवायचं आणि कधी लावायचं?

गावाकडे ओळख असेल तर तिथेच विचारा. पूर्वी बियांचा भोपळा आढ्याला टांगून ठेवायचे आणि काही घरांत अजूनही ठेवतात. पंढरपूर-मंगळवेढा भागात वाद्यांसाठी भोपळा लावणारे शेतकरी आहेत. देशी बियाणं जपणारे गटही बी देतात. आकार डोळ्यांनी पाहून मगच बी घ्या. लांब मानेच्या भोपळ्याच्या बियांतून साधारण तसंच फळ येतं, मात्र शेजारी दुसरा वाण असेल तर खात्री नाही.

लावायला जून-जुलै सगळ्यांत चांगला. पावसात वेल वाढतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात फळं धरतात, आणि ती पिकेपर्यंत थंडीची कोरडी हवा आलेली असते. बियांचं कवच जाड असतं, म्हणून रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पेरा. मांडव मजबूत हवा. हिरवा भोपळा पाण्याने भरलेला असतो. मोठी फळं लागली की बांबूचा कच्चा मांडव रात्रीतून बसतो. मांडवावरून लोंबणाऱ्या फळाची मान सरळ राहते, जमिनीवर वाढणाऱ्याचं बूड चपटं होतं. फुलदाणी करायची असेल तर चपटं बूड फायद्याचंच. जमिनीवर वाढवताना फळाखाली वाळलेलं गवत किंवा पेंढा घाला, नाहीतर खालची बाजू डागाळते आणि किडते.

स्वयंपाकाच्या दुधीशेजारी कडू भोपळा लावला तर दुधी कडू होईल का?

त्या वर्षीचा होणार नाही. फळाचा गर आईच्या वेलाचा असतो, पराग कुठून आला याने त्याची चव बदलत नाही. पण बियांमध्ये दोघांचा संकर होतो. त्या दुधीचं बी राखून पुढच्या वर्षी लावलं तर फळं कडू निघू शकतात, आणि कडू दुधी खाणं धोक्याचं आहे. म्हणून नियम सोपा ठेवा: परसात कडू भोपळा असेल त्या वर्षी दुधीचं बी राखायचं नाही.

वेल भरपूर वाढला, पांढरी फुलं आली, पण फळ धरत नाही. काय चुकतंय?

बहुधा काहीच नाही. सुरुवातीची फुलं नराची असतात. मादी फुलं बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात, म्हणून मुख्य वेल मांडवावर चढला की त्याचा शेंडा खुडा. मादी फूल ओळखणं सोपं आहे, पाकळ्यांमागे इवलासा भोपळा दिसतो.

भोपळ्याची फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्यावर रात्रीचे पतंग येतात. शहरात, दिव्यांच्या उजेडात, पतंग कमी. मग सूर्यास्तानंतर नराचं फूल तोडून, पाकळ्या मागे दुमडून, मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवा. गच्चीवरच्या वेलाला हे काम आपणच करावं लागतं.

कोवळ्या फळावर फळमाशी बसते आणि त्या जागी पुढे खड्डा राहतो. फळ लिंबाएवढं झालं की त्याला कागदाची किंवा पातळ कापडाची पिशवी बांधा. वेलवर्गीय पिकांसाठीचे कामगंध सापळे (वासाने माशीला ओढून पकडणारे) कृषी सेवा केंद्रात मिळतात, तेही लावा.

फळ कधी तोडायचं?

देठ हिरवा असेपर्यंत मुळीच नाही. देठ तपकिरी होऊन वाळायला लागला, सालीचा हिरवा रंग फिकट पडला, नखाने दाबून ओरखडा उठेना, की तोडा. देठ दोन-तीन इंच ठेवून कापा. देठ धरून भोपळा उचलू नका; तुटलाच तर त्या भोकातून कुजायला सुरुवात होते. घाई नसेल तर वेल पूर्ण सुकेपर्यंत फळ वेलावरच राहू द्या. आमच्या मते तेच सर्वांत उत्तम. फक्त परतीच्या पावसावर आणि उंदरांवर लक्ष ठेवा.

वाळवायचा कसा, आणि किती दिवस लागतात?

दिवस विचारू नका, महिने विचारा. मुठीएवढा भोपळा दीड-दोन महिन्यांत वाळतो. फुटबॉलएवढ्याला तीन ते सहा महिने लागतात. फार मोठा आणि जाड सालीचा असेल तर वर्षही लागतं. सालीतून पाणी हळूहळू झिरपत बाहेर जातं आणि ते ज्या गतीने जातं त्याच गतीने जाऊ द्यावं लागतं. हा सगळा काळ त्याला दोनच गोष्टी हव्या असतात: वारा आणि सावली.

कडक उन्हात ठेवला की बाहेरची बाजू आधी आकसते, आत ओल तशीच राहते आणि साल तडकते. ओव्हन, हेअर ड्रायर, मायक्रोवेव्ह यांतलं काहीही नको. लवकर वाळावा म्हणून भोक पाडायची युक्ती लोक सांगतात. त्या भोकातून ओल जाण्याआधी चिलटं आणि बुरशी आत जातात, आणि भोपळा आतून कुजतो.

गॅलरीत दोरीला टांगा, किंवा बांबूच्या, लोखंडाच्या जाळीवर एकमेकांना न चिकटता ठेवा. आठवड्यातून एकदा कूस बदला. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा बंद खोक्यात कधीही ठेवू नका.

वाळला हे कळण्याच्या खुणा तीन. तो अचानक हलका लागतो, हातात घेतल्याबरोबर जाणवतं. टिचकी मारली की पोकळ, टणक आवाज येतो. आणि हलवला की आत बिया खुळखुळतात. कधी गर बियांसकट भिंतीला चिकटून वाळतो, मग खुळखुळ येत नाही. तेव्हा वजनावर विश्वास ठेवा.

बाहेरून काळी-पांढरी बुरशी आली आहे. फेकून देऊ का?

थांबा. बुरशी येणारच. बाहेर पडणाऱ्या ओलाव्यावर ती वाढते, आणि सालीवर तिचे जे ढगाळ तपकिरी डाग राहतात ते अनेकदा आपल्या नक्षीपेक्षा देखणे असतात. तसे डाग पडलेला भोपळा आम्ही रंगवत नाही, नुसता घासून मेण लावतो.

फेकायचा तो मऊ झालेला. बोटाने दाबल्यावर खड्डा पडला, पाणी गळू लागलं, दुर्गंधी आली, तर तो साल धरण्याआधीच तोडलेला होता. त्याला खतात टाका आणि शेजारचे भोपळे पुसून घ्या.

आम्ही कोकणात राहतो. या हवेत वाळेल का?

वाळेल, वेळ जास्त लागेल. नोव्हेंबर ते मे एवढेच महिने हातात आहेत असं धरून चाला आणि पावसाआधी वाळवणं संपवा. चूल पेटत असेल तर चुलीवरच्या माळ्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. धुरामुळे कीडही येत नाही आणि सालीला मधासारखा रंग चढतो. बी राखायचे भोपळे याच कारणाने चुलीच्या वर टांगत. फ्लॅटमध्ये असाल तर पंख्याखालची जागा द्या.

हिरवा असतानाच साल खरवडली तर लवकर वाळतो, खरं का?

खरं आहे. वरचा पातळ हिरवा पापुद्रा खरवडला की ओल पटकन जाते, बुरशीचे डाग पडत नाहीत आणि एकसारखा फिका रंग मिळतो. बारीक कोरीवकामासाठी काहींना असाच भोपळा हवा असतो. पण साल पुरती धरलेली नसेल तर खरवडलेला भोपळा आकसून वाकडा होतो. पहिल्या वर्षी हा मार्ग नको.

वाळलेला भोपळा स्वच्छ कसा करायचा?

आधी मास्क लावा. वाळलेली बुरशी कोरडी घासली की तिची धूळ उडते आणि छातीत जाते. म्हणून नेहमी ओलाच घासायचा.

बादलीत कोमट पाणी घ्या, त्यात भोपळा बुडवून वर ओलं गोणपाट टाका (तो तरंगतो, त्यामुळे वजन ठेवावं लागतं). अर्ध्या तासाने वरचा पापुद्रा मऊ होतो. मग भांडी घासायच्या तारेच्या घासणीने गोल गोल घासा. पापुद्रा कातड्यासारखा सुटून येतो. कोपऱ्यात राहिलेला बोथट सुरीने खरवडा, पण सुरी आडवी धरा, टोक लावू नका. पापुद्रा नीट निघाला नाही तर त्या जागी रंग धरत नाही आणि महिन्याभराने पोपडे पडतात. घासून झालं की सावलीत दोन दिवस सुकवा, मग बारीक पॉलिश पेपर फिरवा.

कापायला कुठली हत्यारं लागतात?

सुरुवातीला फार नाहीत: धारदार टोकाची सुरी, बारीक दातांचं हॅकसॉचं पातं, एक अर्धगोल कानस आणि पॉलिश पेपर. हॅकसॉच्या पात्याला एका टोकाला कापड आणि चिकटपट्टी गुंडाळली की मूठ तयार. पुढे हात बसला की सुताराची कोपिंग करवत आणि छोटं ड्रिल मशीन घ्या. विजेची जिगसॉ पातळ सालीला हादरे देते, तिच्यापासून लांब राहा.

कापण्याची रेघ आधी पेन्सिलीने काढा. गोल भोपळ्यावर सरळ आडवी रेघ हाताने येत नाही. टेबलावर पुस्तकांची चळत ठेवा, तिच्यावर पेन्सिल आडवी टेकवा आणि भोपळा फिरवा, म्हणजे रेघ टोकाला टोक जुळून येते. सुरीने त्या रेघेवर छोटी चीर पाडा, चिरेत पातं घाला, आणि दाब न देता कापत जा. भोपळा मांडीवर नाही, ओल्या जाड फडक्यावर ठेवा, म्हणजे निसटत नाही. डबा करायचा असेल तर झाकणाची रेघ किंचित नागमोडी कापा किंवा एका जागी खाच ठेवा. झाकण मग एकाच बाजूने नेमकं बसतं, शोधत बसावं लागत नाही.

मास्क इथे सर्वांत महत्त्वाचा. भोपळ्याची धूळ बारीक आणि कडवट असते, कापताना ओठांवर तिची चव येते. मास्क न लावता तासभर काम केलं तर घसा धरतो, नाक वाहतं, काहींना दिवसभर फ्लूसारखं वाटत राहतं. कापडी मास्क पुरत नाही, एन-९५ घ्या. दम्याचा त्रास असेल तर कापण्याचं आणि घासण्याचं काम दुसऱ्याकडून करून घ्या आणि स्वतः रंगकाम करा. डोळ्यांना चष्मा लावा, काम घराबाहेर करा.

आतला वाळलेला गर निघता निघत नाही.

पाणी भरून ठेवा. काही तासांनी गर फुगून मऊ होतो, मग जुन्या पळीची कड घासून धारदार करा आणि तिने खरवडा. अरुंद तोंडाच्या भोपळ्यात खडी किंवा बोल्टच्या चकत्या आणि थोडं पाणी घालून खळखळा हलवा. बियांपैकी भरीव, न किडलेल्या तेवढ्या वेगळ्या काढा. त्यांच्या पुडीवर वाण आणि वर्ष लिहून ठेवा.

जाळून नक्षी कशी काढतात?

या प्रश्नावर आम्ही नेहमी बस्तरचं नाव आधी घेतो. छत्तीसगडमधल्या कोंडागाव, नारायणपूर, जगदलपूर भागात आदिवासी माणसं तुम्यात पाणी, पेज, सल्फी (ताडीसारखं पेय) घेऊन खांद्याला अडकवून शेतावर, रानात, बाजाराला जात. त्यात पाणी गार राहतं. त्या रोजच्या भांड्यावर कोळशात तापवलेल्या लोखंडी पात्याने किंवा सळीने नक्षी डागली जाई. रोजच्या वापरात प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या, तरी कलाकारांनी तुम्याचे दिवे, मुखवटे, शोभेच्या वस्तू करून ती नक्षी टिकवली आहे. रेघा, त्रिकोण, झाडं, पक्षी, हरणं असं ते काम असतं. लोखंड तापलेलं असतं तेवढीच रेघ ओढता येते, मग पुन्हा विस्तवात. त्यामुळे त्या रेघेत सुरुवातीला गडद आणि शेवटाला फिकट असा एक श्वास असतो. विजेच्या उपकरणाच्या एकसुरी रेघेत तो येत नाही. शिकायचं असेल तर या कामाचे जुने नमुने जवळून पाहा. त्यांची नक्षी उतरवून आपल्या नावाने विकू नका.

घरी करायला पायरोग्राफीचं पेन, म्हणजे तापलेल्या टोकाने जाळून रेघ काढणारं विजेचं उपकरण, घ्या. सोल्डरिंग आयर्नही चालतं, पण ते नवं हवं आणि त्याच्या टोकाला शिसं कधी लागलेलं नसावं, कारण शिसं विषारी असतं. रेघ किती गडद व्हावी हे दाबावर नाही, हाताच्या वेगावर ठरतं. सावकाश सरकवलं तर काळी, चटकन सरकवलं तर तांबूस. आधी फुटलेल्या भोपळ्याच्या तुकड्यावर अर्धा तास फक्त रेघा काढा. गोलाईवर काम करताना उपकरण स्थिर ठेवून दुसऱ्या हाताने भोपळा फिरवायचा असतो. हे एकदा जमलं की वळणं आपोआप गुळगुळीत होतात.

धूर कडवट असतो. खिडकी उघडी, पंखा धूर बाहेर ओढेल असा, आणि रंग किंवा वॉर्निश लावलेल्या जागेवर कधीही डागू नका. क्रम नेहमी हाच: आधी डागणं, मग रंग, शेवटी वॉर्निश.

कोरीवकाम आणि जाळकाम यांत सोपं कोणतं?

जाळकाम सोपं आहे. कोरताना चूक झाली तर ती भरून काढता येत नाही.

कोरीवकामात दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाची परंपरा फार जुनी आहे. तिथल्या समुद्रकाठच्या वाका प्रिएटा या ठिकाणी 1946 च्या उत्खननात चार हजार वर्षांहून जुने कोरलेले भोपळे मिळाले. आजही वांकायो शहराजवळच्या कोचास ग्रांदे आणि कोचास चिको या गावांत एका भोपळ्यावर पेरणी, लग्न, जत्रा असा सगळा गावगाडा टोकदार हत्याराने कोरतात आणि धुमसतं लाकूड फुंकत फुंकत त्याला तपकिरी-काळ्या छटा देतात. अयाकुचो भागात दुसरी रीत आहे: कोरलेल्या रेघांत जळलेल्या गवताची राख चरबीत कालवून भरायची आणि वरचं पुसून घ्यायचं. रेघा काळ्या राहतात, पृष्ठभाग उजळ. हे आपल्याला सहज करता येतं. कोळशाची वस्त्रगाळ पूड जवसाच्या तेलात कालवा, कोरलेल्या रेघांवर चोळा, लगेच कोरड्या फडक्याने पुसा. मात्र कोरण्याआधी सालीवर मेणाचा पातळ हात द्या, नाहीतर सगळा भोपळा करडा होतो.

रंग कुठले वापरावेत?

ॲक्रिलिक चालतात, सहज मिळतात, पाण्याने हात धुता येतात. पण ते साल झाकून टाकतात, आणि इथे आमचं मत स्पष्ट आहे: संपूर्ण भोपळा ॲक्रिलिकने रंगवू नका. एकदा तो गुळगुळीत निळा-गुलाबी झाला की आत भोपळा आहे की प्लॅस्टिक हे कोणालाच कळत नाही, आणि मग सहा महिने वाळवलं कशासाठी? निम्मी साल तरी उघडी ठेवा.

पारदर्शक रंग हवा तर चामड्याला लावायचे रंग उत्तम, ते सालीत मुरतात आणि डाग दिसत राहतात. लाकडाचं स्टेनही चालतं. घरगुती गोष्टींत कडक चहाचा काढा आणि गेरू यांनी सुंदर तपकिरी-तांबडे रंग येतात. हळद लावू नका, उजेडात काही दिवसांत उडते.

वरून पाण्यात मिसळणाऱ्या वॉर्निशचे दोन पातळ हात द्या. चकचकीत नको असेल तर नुसतं मधमाश्यांचं मेण चोळा. भोपळा पुरता वाळला नसेल तर वॉर्निश लावू नका. ओल आत कोंडते आणि वरचा थर फुगतो.

भोपळ्यावर वारली चित्रं काढली तर चालतील का?

तपकिरी सालीवर पांढरा रंग फार खुलतो, म्हणून हा मोह सगळ्यांना होतो. तारप्याभोवतीचा नाच भोपळ्यावर शोभतोही, तारपा स्वतःच भोपळ्याचा असल्यामुळे. पण वारली चित्रकला ही एका समाजाची आहे आणि तिला भौगोलिक मानांकन आहे. लग्नाचा चौक आणि त्यातली पालघट देवी हे तर विधीचं चित्र, सुवासिनींनी लग्नघराच्या भिंतीवर काढायचं. ते शोभेच्या डब्यावर आणू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. वारली काम हवंच असेल तर भोपळा तुम्ही तयार करा आणि चित्र डहाणू-तलासरी-जव्हारच्या वारली कलाकाराकडून काढून घ्या, त्याचं नाव आणि त्याचा मोबदला दोन्ही द्या.

दिवा करताना भोकं पाडायची कशी?

नक्षी पेन्सिलीने काढा, प्रत्येक भोकाच्या जागी दाभणाने खूण करा, नाहीतर ड्रिलचं टोक गोलाईवरून घसरतं. आधी सगळीकडे दीड-दोन मिलिमीटरचं बिट चालवा, मग जिथे मोठं भोक हवं तिथे चार किंवा सहाचं. दोन भोकांमध्ये निदान एका भोकाएवढी जागा सोडा. भोकं आतल्या बाजूने खरबरीत राहतात. बांबूच्या काडीला पॉलिश पेपर गुंडाळून साफ करा, कारण भिंतीवर पडणारी सावली त्या कडांवरच अवलंबून असते. बारीक, दाट भोकांनी तारांगण होतं, मोठ्या पाकळ्यांनी फुलं उमटतात. मोठ्या भोकांत रंगीत काचेचे मणी अडकवतात तेही छान दिसतं, पण थोडेच लावा.

आत फक्त एलईडी, तीन ते पाच वॅटचा, पिवळसर उजेडाचा. पणती, मेणबत्ती, जुना पिवळा बल्ब यांतलं काहीही आत ठेवू नका. वाळलेला भोपळा म्हणजे वाळलेलं लाकूड आहे, पेट घेतो. बुडाला होल्डरसाठी भोक पाडाल तेव्हा बाजूला दोन-तीन भोकं हवेसाठीही ठेवा. वायरचं काम येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

त्यात पाणी प्यायला, खायचे पदार्थ ठेवायला चालेल का?

शोभेसाठी रंगवलेल्या, वॉर्निश लावलेल्या भोपळ्यात नाही. न रंगवलेल्यात कोरडं धान्य, बी-बियाणं, लसूण ठेवता येतं. पाण्यासाठी वापरणारे लोक भोपळा अनेक दिवस पाणी बदलत भिजवतात, आतून पुन्हा पुन्हा खरवडतात, कडवटपणा पूर्ण जाईपर्यंत. तो कडवटपणा कुकरबिटासिन नावाच्या द्रव्याचा आहे आणि त्याने उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्राव इतपत त्रास होतो. थोडी जरी कडू चव आली तर ते भांडं पाण्यासाठी नाही.

मिरजेला सतार-तंबोऱ्यासाठी वापरतात तोच का हा भोपळा? तिथून विकत मिळेल का?

जात तीच, पण तिथले भोपळे मोठे आणि जाड सालीचे असतात. मिरजेत हे काम एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली आणि पिढ्यान्पिढ्या ती परंपरा तिथे राहिली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळे सोलापूर जिल्ह्यातून, भीमेच्या काठच्या गावांतून येतात.

वाद्याला लागणारा सारखा गोल, जाड, निर्दोष भोपळा मुळातच कमी निघतो. तो दिव्यासाठी मागू नका. वाकडा निघालेला, पातळ, डागाळलेला, वाद्याला न चालणारा भोपळा आहे का असं विचारा. वाकडेपणा ही आपल्या कामात अडचण नाही, उलट मुखवटे आणि पक्षी त्यातूनच सुचतात.

तडा गेला. आता?

बारीक तडा असेल तर कापताना पडलेली भोपळ्याचीच धूळ फेविकॉलमध्ये कालवून भरा, वाळल्यावर पॉलिश पेपर मारा. रंग सालीशी बराचसा जुळतो. तडा वाढत असेल तर दोन्ही टोकांना दीड मिलिमीटरचं भोक पाडा, पुढे जाणं थांबतं. मोठी फट असेल तर ती लपवायच्या मागे लागू नका. दोन्ही काठांना भोकं पाडून मेण लावलेल्या सुताने किंवा तांब्याच्या तारेने शिवा. असा शिवलेला भोपळा आमच्या डोळ्यांना अखंडापेक्षा जास्त भावतो.

पावसाळ्यात जपायचे कसे?

भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरतात. वर्तमानपत्रात नको, सुती कापडात गुंडाळा. बारीक भुंगे लागले तर पिठासारखी पूड खाली सांडलेली दिसते. छोटी वस्तू पिशवीत घालून चार-पाच दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मोठ्या, न रंगवलेल्या भोपळ्याला पावसाची उघडीप मिळाली की ऊन द्या. आतून वॉर्निशचा एक हात दिलेला असेल तर कीड सहसा लागत नाही. बाहेरच्या पाण्यात, बागेत कायमचा ठेवलेला भोपळा एक-दोन पावसाळेच टिकतो.

मुलांना सोबत घेता येईल का?

जरूर घ्या. बी पेरणं, संध्याकाळी फुलं जुळवणं, फळाला पिशवी बांधणं, आणि शेवटी रंगवणं ही कामं मुलांची. घासणं, कापणं, डागणं मोठ्यांचं. कोवळ्या फळाच्या सालीवर बोथट काडीने मुलाचं नाव हलकं कोरलं तर फळ वाढताना ते नावही वाढतं आणि वाळल्यावर उंचवट्यासारखं राहतं. ओरखडा अगदी वरवरचा हवा.

विकायला किंमत कशी ठरवायची?

तासांचा हिशेब लिहा. भोपळा स्वस्त आहे, घासणं-कापणं-डागणं यातले तास महाग आहेत, आणि बहुतेक जण तेच धरत नाहीत. तुमच्या भागात कुशल सुतार दिवसाला जी मजुरी घेतो ती पाया धरा, त्यावर सामानाचा खर्च, आणि वाया गेलेल्या भोपळ्यांचा वाटा. विकताना सगळं खरं सांगा: भोपळा कुठला, रंग कुठला, दिवा किती वॅटचा, पाण्यात चालतो की नाही. पुण्याच्या भीमथडीसारख्या जत्रांत लोक वस्तू हातात घेऊन बघतात आणि हलकेपणाने चकित होतात. फोटोवर हे कळत नाही, म्हणून ऑनलाइन विकताना वजन जरूर लिहा.

अमेरिकेतल्या, ऑस्ट्रेलियातल्या नातेवाइकांना पाठवता येईल का?

पाठवता येईल, पण वनस्पतिजन्य वस्तूंची तिथे तपासणी होते आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचे नियम फार कडक आहेत. आत एकही बी राहता कामा नये. गर पूर्ण खरवडलेला, आतून-बाहेरून वॉर्निश दिलेला आणि तोंड उघडं असलेला भोपळा पाठवा. बंद खुळखुळा अडवला जाण्याची शक्यता मोठी. सामानात नेणार असाल तर उतरल्यावरच्या फॉर्मवर वनस्पतिजन्य वस्तू म्हणून जाहीर करा, लपवू नका. पॅकिंग करताना भोपळ्याच्या आतही कागदाचे बोळे भरा, बाहेरच्या दाबाने साल आत पिचकते ती त्यामुळे वाचते. खोक्यात भाताचा पेंढा किंवा गवत अजिबात भरू नका, त्या एका कारणानेही पार्सल परत येतं.